उकिरड्यावरची अस्वले : यलोस्टोनच्या कचऱ्याचा इतिहास

१/ १ मार्च १८७२ रोजी अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची स्थापना झाली. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ते ओळखले जाते. मात्र त्याच्या इतिहासातील एक कडवा वाद उकिरड्यांवरून झडला, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

२/ पर्यटक वाढले, हॉटेले उभी राहिली आणि खरकट्याचा प्रश्न निर्माण झाला. त्यावर सोपा उपाय निघाला : उष्टे हॉटेलामागे नेऊन टाकायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अस्वले तेथे नित्य येऊ लागली आणि त्यांना पाहण्यासाठी संध्याकाळी माणसेही जमू लागली.

३/ अस्वलांना हाताने खाऊ घालण्यास १९०२ मध्येच मनाई झाली होती. पण नियम कागदावरच राहिला. १९३० च्या दशकात ऑटर क्रीक येथे चक्क बाके मांडून अस्वलांच्या जेवणावळी दाखवल्या जात. ज्यांनी नियम केला, त्यांनीच हा खेळ मांडला होता!

४/ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे खेळ थांबले. उकिरडे मात्र नजरेआड चालूच राहिले. १९५९ पासून फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या बंधूंनी येथील ग्रिझली अस्वलांचा अभ्यास आरंभला. अस्वलांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून त्यांनी त्यांच्या हालचाली टिपल्या.

५/ ऑगस्ट १९६७ मध्ये ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकाच रात्री, दोन वेगळ्या ठिकाणी, ग्रिझलींनी दोन तरुणींचा बळी घेतला. अस्वलांना लागलेली माणसांच्या अन्नाची चटक किती घातक आहे, हे देशाला कळून चुकले.

६/ उकिरडे बंद करावेत, यावर आता दुमत नव्हते. वाद गतीचा होता. क्रेगहेड बंधूंचे म्हणणे होते की ते टप्प्याटप्प्याने बंद करावेत, अन्यथा भुकेली अस्वले तंबूंकडे वळतील. प्रशासनाचे मत उलट होते : विलंब केल्यास पिल्लांची आणखी एक पिढी उकिरड्यावरच वाढेल. अखेर १९७० मध्ये ट्राउट क्रीकचा मोठा उकिरडाही बंद झाला.

७/ पुढची वर्षे कठीण गेली. तंबूंच्या परिसरात शिरणारी अनेक अस्वले मारली गेली. १९७२ मध्ये ओल्ड फेथफुलजवळ एका तरुणाचाही बळी गेला. १९७५ मध्ये ग्रिझलीला कायद्याने संकटग्रस्त म्हणून संरक्षण द्यावे लागले.

८/ त्यानंतर अस्वलांना उघडता न येणाऱ्या कचरापेट्या, अन्न बंदिस्त ठेवण्याची सक्ती आणि अस्वलांपासून सुमारे ९१ मीटर अंतर राखण्याचा नियम यांची काटेकोर अंमलबजावणी झाली. शिकारीवरील निर्बंधांचीही जोड मिळाली आणि पुढील दशकांत ग्रिझलींची संख्या पुन्हा वाढली.

९/ १९०२ च्या नियमात शब्दांची उणीव नव्हती. उणीव होती ती पाळण्याच्या इच्छेची. त्या सात दशकांच्या हेळसांडीची किंमत शेवटी अस्वलांनी आणि काही माणसांनी प्राण देऊन चुकवली. कचरापेटीचे झाकण ही क्षुल्लक वस्तू वाटते. यलोस्टोनमध्ये त्यावर जीव अवलंबून होते.