विंचवाचा उतारा

तलाठ्याकडे मिळतो तो उतारा वेगळा, तिठ्यावर नारळ-भात ठेवतात तो वेगळा. कोकणातल्या आमच्या केळशीत 'उतारा आहे का कुणाकडे?' असं रात्री कुणी विचारत आलं, की समजायचं, विंचू चावला. जांभ्याच्या गडग्यातल्या फटी, पडवीत रचलेली लाकडं, गवताचे भारे: विंचवाला आणखी काय हवं? विष चढतं, म्हणून ते उतरवायचं. संत एकनाथांनी विंचवावरच्या भारुडात हाच शब्द घेतला आणि औषध म्हणून सत्त्वगुण सांगितला.

आमच्याकडे सत्त्वगुणाआधी चिंचोका असे. दगडावर घासून गरम करायचा आणि दंशावर टेकवायचा. तो चिकटला की विष ओढतोय, गळून पडला की ओढून झालं. शेजारी मांत्रिक पुटपुटत बसलेला. तासाभरात ठणका कमी होई आणि मांत्रिकाचं नाव होई.

गोम इथेच होती. लाल विंचवाच्या दंशात ज्याला ठणका भयंकर, त्याला बहुधा जिवाचा धोका कमी. ज्याला फारसं दुखत नाही, पण उलटी होते, घामाने अंग निथळतं, हातपाय बर्फासारखे गार पडतात, तो खरा धोक्यातला. पुढे छातीत पाणी होऊन तोंडाला गुलाबी फेस येई. असे गंभीर रुग्ण दवाखान्यात पोचले, तरी शंभरातले पंचवीस-तीस दगावत.

1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या देहेडचा हा तरुण रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून टिपणं काढी. ही लक्षणं 1982 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं. मग त्या वाहिन्या सैल करायच्या. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून देऊन पाहिलं. पण थेंबाथेंबावर नजर ठेवावी लागे, गावच्या दवाखान्यात ते कठीण. प्राझोसिन मात्र रक्तदाबाची साधी गोळी. मोठ्या माणसाला एक मिलिग्रॅमची अर्धी, मुलाला पाव, दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. रुग्णाला आडवंच ठेवायचं, कारण उठवून बसवलं तर रक्तदाब एकदम घसरतो. 1986 साली हेही 'लॅन्सेट'मध्ये आलं, सोबत पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांचं नाव.

मौज अशी, की ही गोळी विषाला हातही लावत नाही. ती फक्त विषाने माजवलेला गोंधळ निस्तरते. माझ्या मते उतारा हा जुना शब्द खऱ्या अर्थाने या गोळीलाच लागू पडतो, कारण ती चढलेलं खरोखर उतरवते. विषाशी थेट भिडणारी लस, म्हणजे प्रतिविष, नंतर मिळू लागली. 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बावस्करांनीच 70 रुग्णांचा हिशेब मांडला: लस आणि गोळी दोन्ही दिलेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे, नुसत्या गोळीवरच्या 35 पैकी 8. म्हणजे दोन्ही असेल तर उत्तम. 2022 साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

केळशीहून दापोलीचा दवाखाना गाठायला तास तरी मोडतोच. तेव्हा ठणका किती आहे ते विचारत बसू नका, तळहाताला हात लावून पाहा. गार लागला, घाम सुटलेला दिसला, तर चिंचोका राहू द्या आणि गाडी काढा. गोळी कोणती नि किती, ते डॉक्टरांना ठरवू द्या.