जोसलिन लॅरॉक : महिला आइस हॉकीतील बचावपटूची कारकीर्द

कुंभकोणम असो वा कोल्हापूर, हॉकी म्हटले की आपल्याकडे मैदानी हॉकीच डोळ्यांसमोर येते. आइस हॉकीची ओळख भारतात प्रामुख्याने लडाख, हिमाचल प्रदेश अशा हिमप्रदेशांपुरती मर्यादित आहे. कॅनडात मात्र हा खेळ घराघरांत पोहोचला आहे. तरीही तेथील महिला खेळाडूंना केवळ खेळावर उपजीविका करता यावी, यासाठी २०२३ साल उजाडावे लागले. बचावपटू जोसलिन लॅरॉक यांच्या कारकिर्दीतून ही दीर्घ प्रतीक्षा स्पष्ट होते.

बचावपटूची भूमिका

आइस हॉकीत एका वेळी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू बर्फावर असतात : तीन आघाडीपटू, दोन बचावपटू आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी कठीण रबराची चकती वापरली जाते. तिला ‘पक’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला गोलपासून दूर रोखणे, त्याने मारलेला पक प्रसंगी अंगावर झेलणे आणि पक ताब्यात येताच आघाडीपटूंकडे अचूक पोहोचवणे, ही बचावपटूची मुख्य कामे. गोलांच्या यादीत त्यांचे नाव क्वचितच झळकते; त्यांच्या कामाचे मोल प्रतिस्पर्ध्याच्या न झालेल्या गोलांवरून ठरते.

जडणघडण आणि ऑलिंपिक

लॅरॉक यांचा जन्म १९ मे १९८८ रोजी झाला. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील सेंट ॲन हे त्यांचे गाव. त्या मेटी या मूलनिवासी समाजाच्या आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथ येथील संघातून खेळताना त्यांनी २००८ आणि २०१० मध्ये राष्ट्रीय विद्यापीठ विजेतेपद मिळवले.

२०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात कॅनडाचा संघ अखेरच्या मिनिटांपर्यंत अमेरिकेविरुद्ध ०-२ ने पिछाडीवर होता. मात्र बरोबरी साधून त्याने अतिरिक्त वेळेत ३-२ अशी बाजी मारली. २०१८ मध्ये प्याँगचँग येथे याच प्रतिस्पर्ध्याने पेनल्टी शूटआउटमध्ये कॅनडाला नमवले. त्या वेळी लॅरॉक यांनी गळ्यात घातलेले रौप्यपदक लगेच काढून हातात घेतले. त्यावर टीका झाली आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. २०२२ मध्ये बीजिंग येथे कॅनडाने अमेरिकेला ३-२ ने हरवून सुवर्णपदक परत मिळवले.

बंद पडलेली लीग

देशासाठी पदके मिळवणाऱ्या या खेळाडूंना क्लब पातळीवर मात्र तुटपुंजे उत्पन्न होते. २००७ मध्ये सुरू झालेली कॅनेडियन महिला हॉकी लीग खेळाडूंना दहा वर्षे वेतन देत नव्हती. २०१७-१८ च्या हंगामापासून २,००० ते १०,००० कॅनेडियन डॉलर इतके मानधन मिळू लागले. त्याच हंगामात लॅरॉक यांच्या मार्कहॅम थंडर संघाने क्लार्कसन करंडक जिंकला. पुढच्याच वर्षी, १ मे २०१९ रोजी, आर्थिक कारणांमुळे ही लीग बंद पडली. त्यानंतर दोनशेहून अधिक खेळाडूंनी पुरेसे वेतन आणि सुविधा देणारी लीग उभी राहीपर्यंत उत्तर अमेरिकेतील कोणत्याही लीगमध्ये न खेळण्याचा निर्णय घेतला. ऐन उमेदीची वर्षे पणाला लावणारा हा निर्णय होता.

नवी लीग

२०२३ मध्ये प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगची स्थापना झाली. सामूहिक करारानुसार पहिल्या हंगामात खेळाडूंचे किमान वेतन ३५,००० डॉलर, तर प्रत्येक संघाचे सरासरी वेतन ५५,००० डॉलर ठरले. सप्टेंबर २०२३ मधील पहिल्या खेळाडू निवडीत टोरांटोने दुसऱ्या क्रमांकावर लॅरॉक यांची निवड केली. त्या वेळी त्या ३५ वर्षांच्या होत्या. पहिल्या सहा निवडींपैकी चार बचावपटूंच्या होत्या. १ जानेवारी २०२४ रोजी टोरांटोत झालेल्या लीगच्या पहिल्या सामन्यात पहिला गोलही न्यूयॉर्कच्या बचावपटू एला शेल्टन यांनी नोंदवला.

डिसेंबर २०२४ मध्ये लॅरॉक ओटावा संघात दाखल झाल्या. २०२५ मध्ये हा संघ अंतिम फेरीत पोहोचला. तेथे मिनेसोटाने त्याला १-३ ने पराभूत केले. चारही सामने अतिरिक्त वेळेत २-१ असे सुटले.

भारतातील स्थिती

भारतीय महिला संघ २०१६ मध्ये तैपेई येथील आशियाई चॅलेंज चषकात प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. प्रवासखर्चासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली होती. २०१७ मध्ये बँकॉक येथे फिलिपिन्सवर ४-३ अशी मात करून संघाने पहिला विजय नोंदवला. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या महिला आशिया चषकात भारताने कांस्यपदक पटकावले. लडाखमधील खेळाडूंचा सराव बराचसा हिवाळ्यातील नैसर्गिक बर्फावर अवलंबून राहिला आहे. बर्फाचे दिवस कमी झाले की सरावाचे दिवसही कमी होतात. लॅरॉक यांच्या पिढीला उपजीविकेसाठी लीगची वाट पाहावी लागली. भारतीय खेळाडूंचा प्रश्न त्याही आधीचा, वर्षभर सरावासाठी बर्फ मिळण्याचा आहे.