यादवी युद्धातील शिपायांची घरपत्रे

राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून अस्सल पत्र हे इतिहासाचे पहिल्या प्रतीचे साधन होय, हे मत आपल्याकडे रूढ झाले आहे. मात्र आपल्या दप्तरांतून निघालेली पत्रे बहुतांशी सरदारांची, वकिलांची आणि कारकुनांची. साध्या बारगिराने बायकोस लिहिलेला कागद हाती यावा, असा योग आपणांस फारसा लाभलेला नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत जे यादवी युद्ध झाले, त्याच्या अभ्यासकांना मात्र असले कागद हजारोंनी मिळाले. मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांना चार वर्षे श्रीमंत करून नंतर बुडविणारे युद्ध म्हणून ते आपल्या परिचयाचे आहे. येथे आम्हांस त्याच्या या दुसऱ्या अंगाविषयी लिहावयाचे आहे.

एवढी पत्रे लिहिली गेली याचे पहिले कारण साक्षरता. उत्तरेच्या गोऱ्या सैनिकांपैकी सुमारे नव्वद टक्के आणि दक्षिणेच्या सुमारे ऐंशी टक्के सैनिकांना लिहितावाचता येत होते. त्यातून शिपायांची पत्रे तपासण्याची पद्धत दोन्ही सैन्यांत नव्हती म्हटले तरी चालेल. उत्तरेत पत्राला तीन सेंट पडत; तिकीट नसले तर पाकिटावर ‘शिपायाचे पत्र’ असा शेरा मारून ते टाकता येई आणि हशील घरची माणसे भरीत. दक्षिणेची स्थिती याहून बिकट होती. १८६१ च्या जूनमध्ये उत्तरेशी टपालसंबंध तुटला, पुढे कागदाचा दुष्काळ पडला. आलेले पाकीट उलटे करून पुन्हा चिकटवावे, भिंतीला लावण्याच्या नक्षीदार कागदाची पाकिटे करावी, भरलेल्या पानावर आडव्या ओळी लिहून तेच पान दुसऱ्यांदा भरावे, अशा युक्त्या तेथे सर्रास चालत. आप्त शत्रुपक्षाच्या मुलखात असतील, तर पांढऱ्या निशाणाखाली होणाऱ्या देवघेवीतून एक पानी पत्र जाई, आणि ते मात्र तपासले जाई.

या पत्रांत रणधुमाळीची वर्णने शोधणाऱ्याची काहीशी निराशा होते. पगार थकला, मोजे पाठवा, गहू केव्हा विकावा, पोरगे शाळेत जाते की नाही, हाच मजकूर पुन्हा पुन्हा येतो. गोळीपेक्षा रोगाने अधिक शिपाई मेले. तरीही ‘प्रकृती ठीक आहे’ हे वाक्य बहुतेक पत्रांत आढळते. ते खरे मानावे की घरच्यांची समजूत, हे प्रत्येक वेळी ताडून पाहिले पाहिजे. उलट दिशेने जाणाऱ्या पत्रांचे सामर्थ्य दक्षिणेतील वृत्तपत्रांनी ओळखले होते. घरच्या उपासमारीचे वृत्त वाचून शिपाई पळून जातात, म्हणून स्त्रियांनी आनंदी पत्रे लिहावी, असा उपदेश ती करीत. उपाशी बाईने आनंदी पत्र कसे लिहावे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

सर्वांत प्रसिद्ध पत्र ऱ्होड आयलंडच्या मेजर सलिव्हन बालू याचे. १४ जुलै १८६१ रोजी त्याने ते पत्नी सेरा हिला लिहिले. आठवड्याने बुल रनच्या लढाईत तो प्राणांतिक जखमी झाला. १९९० च्या एका चित्रपटमालिकेने ते घरोघर पोहोचविले. पण त्याचे अस्सल उपलब्ध नाही, आहेत त्या नकला. शिवाय बालू हा वकील आणि विधिमंडळाचा सभापती राहिलेला गृहस्थ. त्याच्या भाषेवरून सामान्य शिपायाचे मन मोजणे आम्हांस रास्त वाटत नाही. पंचवीस हजारांवर पत्रे वाचून १९९७ साली ग्रंथ लिहिणाऱ्या जेम्स मॅकफर्सननेही, आपल्या संग्रहात अधिकारी प्रमाणाबाहेर आणि कृष्णवर्णीय व परदेशातून आलेले सैनिक प्रमाणाहून कमी आहेत, हे मोकळेपणी मान्य केले आहे.

म्हणूनच स्पॉट्सवुड राइस याच्या दोन पत्रांचे मोल आम्ही अधिक मानतो. मिझुरीतील गुलामगिरीतून निघून तो उत्तरेच्या सैन्यात दाखल झाला होता. ३ सप्टेंबर १८६४ रोजी सेंट लुईसच्या लष्करी रुग्णालयातून त्याने एक पत्र आपल्या मुलींना आणि दुसरे एका मुलीच्या मालकिणीला धाडले. लिंकनचा १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा बंड केलेल्या प्रदेशापुरता होता. मिझुरी संघराज्यातच राहिले असल्यामुळे तेथे तो लागू नव्हता. ज्या सरकारसाठी हा बाप शस्त्र धरून होता, त्याच्याच अमलाखाली त्याच्या मुली कायद्याने दुसऱ्याची मालमत्ता होत्या. मुलींना तो धीर देतो, प्राण गेला तरी तुम्हांला घेऊन जाईन म्हणतो. पोटचे मूल चोरू पाहतो, असा आरोप मालकिणीने त्याच्यावर केला होता. मूल देवाने मला दिले आहे, असे तो तिला बजावतो. भाषा ओबडधोबड आहे, शुद्धलेखन नाही, पण एकही शब्द वायफळ नाही.

ही पत्रे टिकली कशी, तेही पाहण्याजोगे आहे. मालकिणीच्या भावाने ती सेनापती रोझक्रॅन्स याच्याकडे तक्रारीसह धाडली आणि राइसला राज्याबाहेर काढण्याची मागणी केली. त्या तक्रारीमुळेच ती लष्करी दप्तरात राहिली. मिझुरीने गुलामगिरी रद्द केली ती ११ जानेवारी १८६५ रोजी.

घरून छावणीत गेलेली पत्रे त्या मानाने फार थोडी उरली आहेत. पाठीवरच्या झोळीत ती भिजली, फाटली, चुलीत गेली. घरच्यांचा आवाज ऐकू येतो तो युद्ध संपल्यावर. बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्यासाठी क्लॅरा बार्टन हिने वॉशिंग्टनमध्ये कचेरी उघडली, तिच्याकडे १८६८ पर्यंत सुमारे त्रेसष्ट हजार पत्रे आली. बावीस हजारांवर माणसांचा तिने पत्ता लावला; उरलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी काहीच कळले नाही.