देव पाण्यात घालून बसलेले शहर

रविवार, २ नोव्हेंबर २००८. ब्राझीलमध्ये हा ‘फिनादोस’, म्हणजे मृतांच्या स्मरणाचा दिवस. आपल्याकडेही ख्रिस्ती कुटुंबे या दिवशी फुले आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातात, तेव्हा गोमंतकीय वाचकाला या दिवसाविषयी वेगळे सांगायला नको. साओ पावलोच्या (वर्तमानपत्री मराठीत साओ, आपल्या कानाला सांव पावलो) मोरुंबी दफनभूमीत आयर्टन सेना विसावला आहे. त्याच शहराच्या दक्षिणेला इंटरलागोस नावाचा मोटार शर्यतींचा ट्रॅक आहे. सेनानंतरचा पहिला ब्राझिलियन विश्वविजेता त्या दुपारी तिथे मिळेल, या आशेने सगळे शहर देव पाण्यात घालून बसले होते.

इंटरलागोस म्हणजे तळ्यांच्या मधली जागा. ग्वारापिरांगा आणि बिलिंग्ज या दोन मोठ्या जलाशयांमध्ये तो ट्रॅक आहे आणि पाऊस तिथे कधी येईल ते सांगता येत नाही. १९४० साली तो सुरू झाला. १९७३ मध्ये विश्वविजेतेपदाची शर्यत प्रथमच ब्राझीलमध्ये आली आणि ती जिंकली साओ पावलोच्याच एमर्सन फिटिपाल्डीने. फुटबॉलमुळे जगाला ठाऊक असलेल्या या देशाला दुसरा खेळ मिळाला तो इथे. फिटिपाल्डी दोनदा (१९७२, १९७४), नेल्सन पिके तीनदा (१९८१, १९८३, १९८७) आणि सेना तीनदा (१९८८, १९९०, १९९१), अशी वीस वर्षांत आठ विश्वविजेतेपदे ब्राझीलने मिळवली. एवढी सवय लागल्यावर माणसाला वाटते, हे असेच चालणार.

१९९१ साली सेनाने इंटरलागोसची शर्यत पहिल्यांदा जिंकली तेव्हा शेवटच्या फेऱ्यांत त्याच्या गाडीचे गिअर एकेक करत निकामी झाले होते. सहाव्या गिअरवरच त्याने गाडी ओढत आणली. उतरल्यावर त्याला करंडकही धड उचलता येईना. १ मे १९९४ रोजी इमोला येथे तो गेला. सरकारने तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला. त्यानंतर रुबेन्स बारिकेलोवर सगळी भिस्त आली. हा गुणी माणूस, पण घरच्या शर्यतीत नशीब त्याच्यावर रुसलेलेच. २००३ साली तर आघाडीवर असताना इंधनाच्या घोटाळ्याने गाडी बंद पडली. ब्राझिलियन प्रेक्षक दरवर्षी पिवळे-हिरवे झेंडे घेऊन यायचे आणि ते गुंडाळून घरी न्यायचे.

फेलिपे मासा त्या प्रेक्षकांच्या मुलासारखा होता. जन्म साओ पावलोचाच, १९८१ चा. सेना गेला तेव्हा वय तेरा. २००६ मध्ये पिवळा-हिरवा पोशाख घालून त्याने इंटरलागोस जिंकले, तेव्हा सेनाच्या १९९३ च्या विजयानंतर प्रथमच एक ब्राझिलियन तिथे पहिला आला होता. २००७ मध्येही शेवटची शर्यत इथलीच होती आणि निकालही तिच्यावरच ठरायचा होता. मासा पोल पोझिशनवर होता, पण त्याचा फेरारीतला सहकारी किमी रायकोनेन याला विजेतेपदाची संधी होती. दुसऱ्या पिट-स्टॉपनंतर रायकोनेन पुढे निघाला आणि एका गुणाने विश्वविजेता झाला. घरच्या लोकांसमोर मासा दुसरा. ‘पुढच्या वर्षी तुझी पाळी’ अशी समजूत तेव्हा प्रेक्षकांनी स्वतःचीच घातली असणार, कारण पुढच्या वर्षी खरोखरच त्याची पाळी आली.

आता थोडा हिशेब. त्या काळी पहिल्या आठ चालकांना १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण मिळत. २००८ च्या अखेरच्या शर्यतीला निघताना मॅक्लारेनच्या लुईस हॅमिल्टनचे ९४ गुण होते, मासाचे ८७. मासा जिंकला तर ९७. मग हॅमिल्टनला पाचवा क्रमांक पुरे, त्याचे ९८ होतात. पण तो सहावा आला तर दोघांचेही ९७, आणि जास्त शर्यती जिंकल्याच्या नियमाने मुकुट मासाला (सहा विरुद्ध पाच). म्हणजे ब्राझीलच्या लोकांना दोन गोष्टी हव्या होत्या: आपला पहिला यावा आणि तो दुसरा पाचाच्या बाहेर राहावा. पहिली निदान आपल्या माणसाच्या हातात होती. दुसरीसाठी नवसच करायचा.

अशा वेळी चाहता कारकून होतो. वर्षभर जो इंजिनाच्या आवाजावर आणि ओव्हरटेकिंगवर बोलत असतो, तो त्या आठवड्यात गुणांचे तक्ते मांडत बसतो. तक्ता मांडला की मागचे सगळे उकरून निघते. हंगेरीत जिंकायला फक्त तीन फेऱ्या उरल्या असताना मासाचे इंजिन गेले, ते दहा गुण. सिल्व्हरस्टोनच्या पावसात तो पाच वेळा गरागरा फिरला आणि तेरावा आला, त्याला तर दुसरा कोणी जबाबदार नाही. उलट बाजूनेही खाते आहे. बेल्जियममध्ये हॅमिल्टन पहिला आला होता, पण पंचांनी त्याला पंचवीस सेकंदांचा दंड करून तिसरा ठरवले आणि विजय मासाला दिला. एवढ्या एका निर्णयाने दोघांतले अंतर सहा गुणांनी बदलले. ब्राझिलियन चाहता ही नोंद सहसा वाचून दाखवत नाही, इंग्रज चाहता तेवढीच वाचतो.

शेवटच्या शर्यतीचे हे गूढ जुनेच आहे. निकाल त्या दिवशी लागतो, पण बहुतेक वेळा तो महिनोन्महिने आधीच कुठल्या तरी विसरलेल्या दुपारी लागून गेलेला असतो. याचा सर्वांत सुंदर दाखला पोर्तुगालमधला आहे, आणि तोही अशा काळातला, जेव्हा आपला गोवा त्याच सालाझारच्या राजवटीखाली होता. २४ ऑगस्ट १९५८, पोर्तो शहराच्या रस्त्यांवरची शर्यत. स्टर्लिंग मॉस जिंकला, माइक हॉथॉर्न दुसरा आला. हॉथॉर्नने घसरल्यानंतर गाडी उलट्या दिशेने नेली, असे म्हणून त्याला बाद करण्याचा विचार झाला. मॉसने स्वतः जाऊन त्याच्या बाजूने साक्ष दिली की गाडी तेव्हा रस्त्यावर नव्हती, फुटपाथवर होती. हॉथॉर्नचे गुण राहिले. ऑक्टोबरमध्ये कासाब्लांका येथे शेवटची शर्यत झाली. तीही मॉस जिंकला, हॉथॉर्न पुन्हा दुसरा, आणि विश्वविजेता ठरला हॉथॉर्न: ४२ विरुद्ध ४१. वर्षभरात मॉसने चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. मॉस पुढेही कधी विश्वविजेता झाला नाही. पोर्तोतली साक्ष त्याने दिली नसती तर? या प्रश्नाचे उत्तर ज्याला द्यायचे तो देईल. मला मात्र मॉसच्या पुढच्या सगळ्या विजयांपेक्षा तो फुटपाथ अधिक आठवतो.

पोर्तुगालमध्येच, १९८४ साली एस्तोरिलला, अ‍ॅलन प्रॉस्टने अखेरची शर्यत जिंकली आणि निकी लाउडा दुसरा येऊन अर्ध्या गुणाने विश्वविजेता झाला. तो अर्धा गुण जूनमधला. मोनाकोची शर्यत मुसळधार पावसामुळे मध्येच थांबवली होती आणि म्हणून पहिल्या आलेल्या प्रॉस्टला नऊऐवजी साडेचारच गुण मिळाले होते. असो.

पुन्हा साओ पावलो. शर्यत तिथल्या दुपारी तीनची, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. फोर्स इंडिया संघाचे ते पहिलेच वर्ष होते, त्यामुळे भारतातही रविवारी रात्री टीव्हीसमोर बसणारे वाढले होते (संघाला त्या वर्षी एकही गुण मिळाला नाही ही गोष्ट वेगळी). सुरुवातीच्या काही मिनिटे आधी सर आली आणि सुरुवात दहा मिनिटे पुढे ढकलली. मासा पहिल्या जागेवरून निघाला तो शेवटपर्यंत जवळजवळ निर्वेध. त्याच्या आयुष्यातली ती सर्वांत नीटस शर्यत असेल. पण त्याच्याकडे कोणाचे लक्ष होते? सगळ्यांचे डोळे चौथ्या-पाचव्या क्रमांकावर.

७१ फेऱ्यांची शर्यत. शेवटच्या आठ-नऊ फेऱ्या राहिल्या असताना पाऊस पुन्हा आला. पुढच्या बहुतेकांनी पिटमध्ये जाऊन ओल्या रस्त्याचे टायर घातले. टोयोटाचा टिमो ग्लॉक कोरड्या टायरवरच राहिला आणि त्यामुळे चौथ्या क्रमांकावर चढला. पाऊस फार वाढणार नाही अशा अंदाजाने केलेला तो जुगार होता. हॅमिल्टन पाचवा, म्हणजे अजूनही विश्वविजेता. मग ६९ व्या फेरीत टोरो रोसोच्या एकवीस वर्षांच्या सेबॅस्टियन फेटेलने त्याला मागे टाकले. हॅमिल्टन सहावा. इंटरलागोसच्या पायऱ्यांवर काय झाले असेल याची कल्पना ज्याने कुठल्याही गावच्या मैदानात अंतिम सामना पाहिला आहे त्याला करता येईल.

मासाने रेषा ओलांडली. पिटमध्ये त्याचे वडील आणि फेरारीची माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. त्या क्षणी त्यांचा हिशेब बरोबर होता: मासा ९७, सहाव्या क्रमांकावरचा हॅमिल्टन ९७, आणि विजय सहा विरुद्ध पाच. पण हॅमिल्टनची फेरी अजून संपायची होती. मागे पाऊस वाढला होता आणि कोरड्या टायरवर ग्लॉकची गाडी साबणावरून चालल्यासारखी सरकत होती. शेवटच्या वळणाचे नाव ‘जुंसांव’, म्हणजे सांधा. तिथे आधी फेटेल आणि पाठोपाठ हॅमिल्टन ग्लॉकच्या पुढे निघाले. मासानंतर ३८.९ सेकंदांनी हॅमिल्टनने पाचव्या क्रमांकावर रेषा ओलांडली. ९८ विरुद्ध ९७. तेवीस वर्षांचा हॅमिल्टन तोपर्यंतचा सर्वांत तरुण विश्वविजेता झाला, आणि पहिला कृष्णवर्णीयही.

हातातोंडाशी आलेला घास जाणे असे आपण म्हणतो, पण इथे घास तोंडात पडून चव लागली होती. ती ३८ सेकंदे ब्राझील विश्वविजेता होता. त्यानंतर मासा विजयमंचावर उभा राहिला तो रडत, छातीवर मूठ आपटत, आणि शर्यत तर त्यानेच जिंकली होती. हरलेल्या विजेत्याला टाळ्या कशा वाजवायच्या याचा काही शिष्टाचार नसतो. त्या गर्दीने तो तिथल्या तिथे तयार केला. राग मग ग्लॉकवर निघाला. त्याने मुद्दाम वाट दिली, असे आरोप कित्येक वर्षे होत राहिले. पण त्याच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले की स्टिअरिंगशी चाललेली त्याची झटापट दिसते. पावसात कोरडे टायर घेऊन फिरणाऱ्या माणसाकडून आणखी काय व्हायचे?

खरी गोम पुढच्या वर्षी बाहेर आली. २८ सप्टेंबर २००८ रोजी सिंगापूरला, फॉर्म्युला वनच्या पहिल्या रात्रीच्या शर्यतीत, मासा आघाडीवर असताना रेनॉची एक गाडी भिंतीवर आदळली. सेफ्टी कार आली आणि सगळे पिटमध्ये शिरले. फेरारीच्या गडबडीत मासाला इंधनाची नळी गाडीला लटकलेली असतानाच सोडले गेले. तो तेरावा आला, गुण शून्य. आणि रेनॉचा फर्नांडो अलोन्सो जिंकला. आपण ती गाडी मुद्दाम भिंतीवर घातली, संघातल्या वरिष्ठांनी तसे सांगितले होते, ही कबुली चालकाने २००९ मध्ये दिली. त्या चालकाचे नाव नेल्सन पिके ज्युनिअर. तीन वेळच्या ब्राझिलियन विश्वविजेत्याचा मुलगा.

इंटरलागोसला देव पाण्यात घालून बसलेल्या माणसांना त्या दिवशी हे ठाऊक नव्हते. त्यांनी मांडलेल्या तक्त्यात सिंगापूरचे शून्य हे दुर्दैवाचे शून्य होते. नळीची चूक फेरारीचीच, हे खरे. भिंतीवरची ती धडक झाली नसती तर मासा जिंकलाच असता असेही कोणी छातीठोकपणे सांगू नये. तरीही एका गुणाने गेलेल्या विजेतेपदात असा एक आकडा बनावट निघावा, आणि तो आपल्याच माणसाच्या हातून घडलेला असावा, याचे दुःख ग्लॉकवरच्या रागापेक्षा कितीतरी खोल असणार.

मासाच्या कारकिर्दीतला इंटरलागोसचा तो अकरावा विजय शेवटचा ठरला. २००९ मध्ये हंगेरीत बारिकेलोच्या गाडीतून निखळलेली स्प्रिंग त्याच्या डोक्यावर आदळली. तो वाचला, परतला, २०१७ पर्यंत गाडी चालवली, पण पुन्हा पहिला आला नाही. २००८ मधला गैरप्रकार अधिकाऱ्यांना त्याच वर्षी कळला होता आणि त्यांनी तो झाकला, असे म्हणत त्याने २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने विश्वविजेता म्हणून घोषित करण्याची मागणी पुढे जाऊ दिली नाही, पण नुकसानभरपाईच्या मुद्द्यावर खटला चालवता येईल असे सांगितले.

आणि ज्याने पाचवा यावे एवढ्यासाठी त्या दिवशी शिव्या खाल्ल्या, त्या हॅमिल्टनचे काय झाले? २०२१ मध्ये तो इंटरलागोसला बराच मागून येऊन जिंकला आणि सेना करायचा तसा ब्राझीलचा झेंडा हाती घेऊन फिरला. पुढच्या वर्षी ब्राझीलच्या संसदेने त्याला मानद नागरिकत्व दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच ट्रॅकवर त्याने सेनाची १९९० ची मॅक्लारेन चालवली. झेंडा उंच धरलेला, पाऊस पडतच होता, आणि पायऱ्यांवर ‘सेना, सेना’चा घोष चालला होता.