काडतूस

ऐकायला 'काडी'चं भावंड वाटतं, पण नातं काही नाही. पोर्तुगीज 'कार्तूशु' आपल्याकडे आला आणि काडतूस झाला. त्यामागे इटालियन 'कार्तोच्चो', म्हणजे कागदाची पुंगळी. मुळाशी 'कार्ता', कागद. १८५७ चा भडका ज्यावरून उडाला, ती एन्फील्डची काडतुसंही कागदीच होती. पुढे पितळ आलं, नाव कागदाचंच राहिलं.

अमेरिकेत बंदूक-कारागीर पी. ओ. ॲक्ली यांनी या पितळी पुंगळीचा खांदा, म्हणजे तोंडाकडचा उतार, ४० अंशांपर्यंत उभा केला. दारू जास्त मावू लागली. तिथले शौकीन त्यासाठी लेथवर रीमर (भोक मोठं करणारं हत्यार) फिरवून घरीच बंदुकीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, वाढवतात. लेथ आपल्याकडे मुंबईत, घाटकोपरच्या गाळ्यांतही फिरतात; पण १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदुकीची साधी दुरुस्तीही गुन्हाच.