शिवजन्मतिथीचा वाद आणि साधनचिकित्सेचे शिक्षण

इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधनांची चिकित्सा करण्याचा उपदेश करून ती येत नाही. त्यासाठी परस्परविरोधी कागद त्याच्यापुढे ठेवावे लागतात. शिवजन्मतिथीचा वाद हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

उत्तरकालीन बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध २, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ मध्ये झाला, असे दीर्घकाळ मानले जात होते. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासातही १६२७ हेच वर्ष आहे. पुढे १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रकाशात आणली. भोरजवळील कारीच्या जेधे देशमुखांच्या या टिपणात फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार अशी नोंद आहे. तिची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते. (ही ज्युलियन गणना, आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो १ मार्च ठरतो.)

पहिला प्रश्न लिहिणाऱ्याविषयीचा. कान्होजी जेधे महाराजांचे सहकारी असल्याने हे घराणे घटनांच्या निकट होते. पण ते वतनदारही होते आणि वतनाच्या तंट्यांत बनावट कागद पुढे केले जात, हे अभ्यासक जाणतात. मग शकावली टाकून द्यावी काय? जन्मतिथी बदलून जेध्यांच्या पदरात काहीच पडणार नव्हते. देशमुखीच्या हक्काबद्दल मात्र त्याच घराण्याच्या कागदांची साक्ष अधिक सावधपणे घ्यावी लागेल. दुसरी कसोटी गणिताची : त्या तिथीला शुक्रवार येतो का, हे विद्यार्थी स्वतः पडताळू शकतो आणि तो येतो. तिसरी कसोटी दुजोऱ्याची. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यात हीच तिथी आहे. हे काव्य नायकाला विष्णूचा अवतार मानते. पराक्रमाच्या वर्णनात म्हणूनच ते जपून वाचावे लागते, परंतु तिथीच्या बाबतीत ते उपयुक्त साक्षीदार ठरते.

अध्यापनात खरी अडचण याच्या पुढे येते. समकालीन ते सारे खरे आणि बखर म्हटली की खोटी, असा सोपा नियम विद्यार्थी पाठ करून टाकतात, तोही अंधविश्वासच. राजाराम महाराजांच्या आज्ञेने जिंजी येथे १६९७च्या सुमारास लिहिलेली सभासद बखर हातात दिली की हा नियम डळमळतो. कृष्णाजी अनंत सभासद स्वतः शिवकाळ पाहिलेला माणूस. तरीही त्याच्या लेखनात सनावळी जवळजवळ नाही. तिथिनिर्णयात फारशी कामी न येणारी ही बखर शिवकालीन किल्ले, लष्कर आणि राज्यव्यवस्था यांच्या अभ्यासात मात्र टाळता येत नाही.