आईच्या रक्ताने दाखवलेली खूण

गटाच्या बैठकीत आपण रक्ताचं बोलतो ते बहुतेक हिमोग्लोबिनपुरतंच. आज आम्ही रक्तातल्या आणखी एका गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत. तिचा शोध लागला तो बाळंतिणींच्या रक्तामुळे.

सुरुवात 1943 सालची, ग्लासगो शहरातली. भाजलेल्या एका बाईला तिच्या भावाची कातडी लावली. ती काही दिवसांत झडली. पुन्हा त्याच भावाची लावली, तर ती आणखी लवकर झडली. पीटर मेडावर आणि टॉम गिब्सन यांनी त्यावरून ओळखलं, की शरीर परकं काय ते ओळखतं आणि लक्षातही ठेवतं. 1954 साली बोस्टनमध्ये एका भावाची किडनी दुसऱ्याला बसवली आणि ती चालली, कारण ते एकसारखे जुळे होते. पण जुळं भावंड सगळ्यांना कुठून असणार?

मग परकं ओळखतात ते कशावरून? 1958 साली पॅरिसमध्ये जाँ दोसे यांना पांढऱ्या पेशींवरची एक खूण सापडली. त्याच वर्षी नेदरलँड्समधले यॉन व्हान रूड आणि अमेरिकेतल्या रोझ पेन यांना दिसलं, की गरोदरपण झालेल्या बायकांच्या रक्तात अशा खुणांविरुद्धची प्रतिपिंडे असतात. बाळाच्या निम्म्या खुणा बापाकडून येतात. आईचं शरीर त्या परक्या म्हणून ओळखून ठेवतं. बाळ मात्र सुखरूप वाढतं! पुढे कितीतरी वर्षं अवयव जुळतो का हे तपासायला लेकुरवाळ्या बायांच्या रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, वापरलं गेलं. या खुणांना एचएलए म्हणतात.

1970 साली व्हान रूड यांच्याच गटाला आढळलं, की या खुणा पेशींनाच चिकटून राहत नाहीत. निरोगी माणसाच्या रक्तातही त्या थोड्या सुट्या फिरत असतात. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की विषाणूची लागण झाली की त्यांचं प्रमाण वाढू शकतं, आणि शरीर बसवलेली किडनी नाकारू लागलं तरीही वाढू शकतं.

खरी अडचण इथेच आहे. किडनी बसवलेल्या माणसाला प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी रोज घ्यावी लागते. त्यामुळे विषाणूला वाव मिळतो. मग वाढलेला आकडा लागणीचा की नकाराचा? लागण असेल तर गोळी कमी करावी लागते, नकार असेल तर वाढवावी लागते. उपचार अगदी उलटे! म्हणून नुसत्या आकड्यावर निर्णय होत नाही. विषाणूची तपासणी करतात, गरज पडली तर किडनीचा बारीक तुकडा काढूनही बघतात.

सख्यांनो, आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत. पण किडनी घ्यायची वेळ बाईवर आली, तर आधीच्या गरोदरपणामुळे तिला नवऱ्याची किंवा लेकराची किडनी जुळणं अवघड जाऊ शकतं. म्हणून डॉक्टर विचारतील तेव्हा बाळंतपणं किती, गर्भपात किती, रक्त कधी चढवलं, हे सगळं सांगायचं. पडलेला गर्भसुद्धा मोजायचा. त्यात लाज कसली? आपलं शरीर ते विसरत नाही, मग आपण तरी का लपवावं?